झोपलेल्या माणसाचं चित्र

आयुष्यात एकदाच कोणीतरी माझं चित्र काढलं, आणि ते समोर ठेवलेलं असताना मी ते सोडून दुसरंच चित्र विकत घेऊन घरी आलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी दुकानातल्या माणसाला ते बोटानं दाखवून विचारूनही आलो, "हे कोण घेईल हो?"

ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांची जेवणं झाल्यावर निघते आणि ती मीच सांगतो. दुसऱ्या कोणी सांगितली तर तिच्यात मी याहून मठ्ठ दिसतो.

माझ्या बायकोचा मोठा भाऊ तेव्हा तुरुंगात होता. घरात सगळे त्याला दादा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तो मला जावईबापू म्हणतो, आणि तो तसं म्हणाला की आपल्या डोक्यावर अजून लग्नातला फेटा आहे असं मला उगाच वाटतं. दादा भिवापूरचा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि दरवर्षी जयंतीची निळी कमान, ही त्याची कामं. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचा, रंग वाळू द्या, मग पाहू.

रंग वाळू देण्यानंच त्याचा घात केला. मिरचीच्या एका गोदामाचा बोर्ड त्यानं रंगवायला घेतला होता. ऑइल पेंटचा पहिला हात मारला, तो वाळल्याशिवाय दुसरा हात मारता येत नाही म्हणून शिडी तिथेच भिंतीला लावून ठेवली, आणि घरी येऊन जेवून झोपला. त्याच रात्री गोदामात चोरी झाली आणि राखणदाराचा जीव गेला. चोर शिडीनं चढून गेले होते आणि शिडीवर दादाचं नाव होतं. त्यानं स्वतःच घातलेलं, सावली दिलेल्या वळणदार अक्षरांत. मग एक माणूस पुढे आला, त्यानं अंधारात दादाला तिथून जाताना पाहिलं होतं म्हणे. जन्मठेप झाली. शिडी तिथे का ठेवली होती, हे त्या सगळ्या खटल्यात दादाला कोणी विचारलं नाही.

तुरुंग नागपूरला, म्हणून मुलाखती आमच्याकडे आल्या. मी सदरमधल्या एका ऑफिसात कारकून, राहायला मनीषनगरला. मुलाखतीच्या दिवशी अर्धी रजा टाकायची आणि बायकोला स्कूटरवर मागे बसवून न्यायचं, एवढं माझं काम. आत मध्ये काच असते आणि दोन्ही बाजूंना फोन. आमच्या बाजूला फोन एकच, त्यामुळे बायको बोलायची आणि मी तिच्या मागे भिंतीलगतच्या बाकावर बसायचो. वर पंखा. आता मला फाईल उघडली तरी डुलकी येते, तिथे बाकाचं काय घेऊन बसलात. बहीणभाऊ काचेशी वाकून बोलत असायचे आणि मागे मी, दुपारचा भात पोटात घेऊन, सगळ्या काळजीतून सुटलेला.

वेळ संपली की फोन आपोआप बंद व्हायचा. दादा काचेपलीकडून उठायचा, पाठ फिरवायचा, आणि बायको त्या बंद फोनवर आणखी थोडं बोलायची. काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही. परतताना ती मागे बसलेली असायची, पण गाडीला वजन जाणवायचं नाही. सिग्नलला मी हळूच आरशात पाहायचो, आहे ना म्हणून.

कैद्यांनी केलेल्या वस्तूंचा दिवाळीत सेल लागतो. आमच्याकडे दिवाळी नसते, पण सेलला आम्ही जातो. सतरंज्या, टॉवेल, लाकडी पाट, खुर्च्या. त्या वर्षी चित्रंही ठेवणार होते. दादानं फोनवर सांगितलं, "बाई, माझं बी एक हाय यंदा. नाव टाकता येत नाही, पण तुम्हाले ओळखू येईन." कशाचं चित्र, हे सांगायच्या आत फोन बंद.

नेमकी सेलच्या दिवशी बायको तापानं पडली. सांधे धरलेले, बोटं सुजलेली. मी एकटाच निघालो. तिनं अंथरुणातूनच बजावलं, की नीट पाहून आणा, घाई करू नका. मी म्हटलं, मला काय दादाचा हात कळत नाही?

चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. एक मोर. पाण्यावर आलेली हरणं. डोंगर, नदी आणि मधून उगवणारा सूर्य, हा प्रकार दोन-तीनदा. कडेला एक लहानसं, साध्या पेन्सिलीचं आणि थोड्या करड्या रंगाचं. एक माणूस बाकावर झोपलाय. मान छातीवर पडलेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर हेल्मेट, आणि ते दोन्ही हातांनी असं धरलेलं, जणू कोणी हिसकावून नेईल. डोक्यावर केस बेताचे, पोट मात्र बेताचं नाही. मला हसू आलं. तेव्हाच मी तो सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारला. दुकानातला माणूस म्हणाला, सांगता येत नाही साहेब, घेतातही कोणी.

आणि मग शेजारचं चित्र दिसलं. गवती छपराचं घर, पाठमोरी बसलेली एक बाई, आणि अंगणभर पसरलेलं लालभडक काहीतरी. मी जागच्या जागी थांबलो. भिवापूर. वाळत घातलेली मिरची. दुसरं काय असणार? सासुरवाडीच्या मिरचीनं माझ्या डोळ्यांत पाणी यायची ती काही पहिली वेळ नव्हती, पण नुसतं पाहून यायची ती पहिलीच.

ते चित्र हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीशेजारी, सोफ्याच्या वर, खिडकीच्या अगदी समोर लावलं. छान उजेड पडायचा. आल्यागेल्याला मी ते समजावून सांगायचो. बघा, देठसुद्धा दिसतं. बघा, या बाजूची अजून ओली आहे. आत बसलेल्या माणसाला गावाची किती आठवण येत असेल, बघा. एका पाहुण्याला पाहता पाहता ठसका लागला, तो मी चित्राच्या खात्यावर जमा केला.

ताप उतरल्यावर बायको त्या चित्रासमोर बराच वेळ बसली. सुजलेली बोटं ओच्यात. मी विचारलं, "ओळखलंस?" ती म्हणाली, "छान आहे." मी समजलो, भरून आलंय तिला.

पुढच्या मुलाखतीत तिनं दादाला फोनवर सांगितलं, की चित्र आणलं. मी अर्थातच बाकावर होतो, पण तेवढ्यात जागा झालो. काचेपलीकडे दादा माझ्याकडे बघून हसत होता. नुसता हसत नव्हता, खांदे हलत होते. तुरुंगात गेल्यापासून त्याला तसं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. मी हेल्मेट उंच करून हलवलं, तसा तो आणखीच हसला. परतताना बायको म्हणाली, "तुमच्याकडे पाहून काहून हसत होता, माहीत नाही."

दरम्यान अपील हायकोर्टात पडून होतं. एका ओळखीच्या घरी एक वकीलबाई भेटल्या, तरुण, स्कूटरवर फिरणाऱ्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, शिडी तिथे का होती? मी म्हटलं, दुसऱ्या हातासाठी. त्या म्हणाल्या, कोणाचा दुसरा हात? त्यावर मी रंगकामाबद्दल असं काही भाषण दिलं, की दोन माणसं मिळून शिडी धरतात असा त्यांचा समज झाला. शेवटी त्या स्वतःच दादाला भेटून आल्या आणि परतल्यावर म्हणाल्या, एवढी साधी गोष्ट, आणि कोणी विचारलं नाही?

तरीही वर्षं गेलीच. आज नंबर लागेल, उद्या लागेल. मी ऑफिसातून कोर्टात आणि कोर्टातून ऑफिसात, दोन्हीकडे माझं काम झालेलं नसायचं. पण एका सकाळी ऐकून घेतलं गेलं. ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच शिडीवर परत चढायचं होतं, त्यानं ती तिथे ठेवणं हा पुरावा कसा? आणि अंधारात पाहणाऱ्या माणसानं प्रत्येक वेळी वेगळंच सांगितलं, त्याचं काय? दादा निर्दोष सुटला. त्या दिवशी बायको आनंदानं रडली नाही. तिनं घरी येऊन गाद्या उन्हात टाकल्या.

दादा आमच्याकडे आला. चपला काढल्या, पाणी प्यायला, आणि हॉलच्या मधोमध उभा राहून भिंतीकडे पाहू लागला. मी शेजारी उभा राहिलो, छाती जरा पुढे काढून. मला वाटलं, आता तो मला मिठी मारणार.

तो म्हणाला, "हे तर काकाचं हाय."

"कोण काका?"

"माझ्या बराकीतला. मले चित्र काढाले त्यानंच लावलं." मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "अन् माझं कुठं ठेवलं?"

"हीच ना तुझी मिरची," मी म्हटलं. माझा आवाज तोपर्यंत बराच खाली आला होता.

"मिरची नाही जावईबापू. पळसाची फुलं होत ते. होळीच्या रंगासाठी जमवतात त्याच्या गावाकडे." आणि मग दादानं सांगितलं, की त्याचं चित्र वेगळं होतं. बाकावर झोपलेला माणूस. बहिणीशी बोलताना तिच्या खांद्यावरून तो दर वेळी दिसायचा. आत असताना इतक्या गाढ झोपलेला माणूस त्याच्या पाहण्यात नव्हता. बराकीत तसं कोणी झोपत नाही. म्हणून त्यानं काढला.

मी सोफ्यावर बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मले माहीत होतं, हे दादाचं नाही."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कोणाचं तरी होतंच ना."

म्हणजे त्या सेलपासून माझं चित्र नागपुरात कोणाच्या तरी घरी आहे. कोणी घेतलं असेल, असं मी एकदा मोठ्यानं म्हटलं, तर बायको म्हणाली, ज्याले झोप येत नाही त्यानं.

हसण्यासारखं इतकंच. यानंतरचं मी पाहुण्यांना सांगत नाही.

दादा सुटला, पण घरात मोकळा झाला नाही. दार नुसतं लोटलेलं असलं तरी त्याच्यापुढे उभा राहायचा, कोणी उघडेल म्हणून. बाल्कनीत जायचं असलं तर बायकोकडे पाहायचा. संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या वेळेला, खाली मुलं खेळत असताना, हा गप्पा अर्धवट टाकून उठायचा आणि आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचा. एकदा भिवापूरला जाऊन आला. त्याच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं आणि पाट्या सगळ्या फ्लेक्सच्या झाल्या होत्या. लोक बोलले, चहा पाजला, पण कोणी घरात या म्हटलं नाही. निर्दोष ठरवणारा निकाल कोर्टात असतो, गावात नसतो. मी त्याच्यासाठी ब्रश आणि रंग आणून ठेवले. त्यानं झाकणं घट्ट आहेत ना, एवढं पाहिलं आणि डबे पलंगाखाली सरकवले.

पळसाच्या चित्रासमोर मात्र तो रोज बसायचा. दुपारी पश्चिमेचं ऊन खिडकीतून यायचं आणि चित्रावर चढत जायचं, तेव्हाही तो तिथेच.

हळूहळू काकाची गोष्ट कळली. गडचिरोलीकडचा माणूस. ज्याला धरायचं होतं तो मिळाला नाही, हा मिळाला. हा बोलायला आधीच कमी, आणि कोर्टात जे चाललं होतं ते त्याला निम्मं कळतही नव्हतं. पाठमोरी बाई ही त्याची बायको. ती गेल्याचं त्याला आतच कळलं. त्यानंतर त्याच्या मुलाखतीला कोणी आलं नाही. अपील केलेलं आहे, पण त्याच्या मागे लागायला कोणी नाही.

मी कारकून माणूस. सवयीनं विचारून गेलो, "पण दादा, त्यानं खरंच केलं नसेल, हे तुला कसं ठाऊक?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "जावईबापू, माझ्याबद्दल तुम्हाले कसं ठाऊक होतं?"

 मला ठाऊक नव्हतंच. बायको म्हणाली म्हणून मी मानलं होतं. तिनं ज्या सुरात सांगितलं होतं, त्याच सुरात आता तो सांगत होता.

वकीलबाईंना पुन्हा गाठलं. त्यांनी काकाचं प्रकरण घ्यायचं कबूल केलं आणि आम्हाला ओळखीचे म्हणून भेटता यावं, याचीही खटपट केली. परवानगी आली त्या दिवशी मी आणि दादा दोघं निघालो. तुरुंगाच्या रस्त्याला लागलो तसा मागून त्यानं माझा खांदा धरला. गेटासमोर मी गाडी थांबवली, तर तो रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाकडे बोट करून म्हणाला, "मी तिथंच राहतो. तुम्ही जा." दोन्ही हेल्मेटं त्यानं आपल्याकडे घेतली. मी आत जाताना वळून पाहिलं, तर सावलीत उभा होता, गेटाकडे पाठ करून.

पहिल्यांदाच मी फोनपाशी बसलो. मागचा बाक रिकामा. काचेपलीकडे एक वाळकासा म्हातारा येऊन बसला आणि त्यानं फोन उचलला, पण कानाला लावायचं विसरला. मी खुणेनं दाखवलं. मग मी बोलू लागलो. काय बोललो म्हणता, तर हवेबद्दल बोललो. यंदा ऊन जास्त आहे म्हणालो. वकीलबाईंचं सांगितलं, ते त्यानं ऐकून घेतलं, जसं आपण दुसऱ्याच्या गावचं ऐकतो. दादा बाहेर उभा आहे म्हटल्यावर मान हलवली. त्याला ते न सांगता कळलं असावं, आत का नाही आला ते.

मग मी सांगितलं, की तुमचं चित्र आमच्या घरी आहे. हॉलमध्ये लावलंय.

तो फोन घट्ट धरून पुढे झुकला. "कोणत्या भिंतीले?"

"सोफ्याच्या वर. सगळ्यांना दिसतं."

"उन्ह येते काय तिथं?"

मी नाही म्हणालो. खोटंच. पण त्या माणसाला मी काय सांगणार होतो?

"उन्हात नका ठेवू," तो म्हणाला. "लाल पयले उडते."

मी बरं म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं, ते काय ते ठरवेपर्यंत फोन बंद झाला. तो उठला, पाठ फिरवली, आणि मी त्या बंद फोनवर, होय, हलवतो म्हणालो. आजच हलवतो. दोनदा म्हणालो.

दादानं कडुलिंबाखाली एवढंच विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. त्यानं माझं हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि आपलं चढवून गाडीपाशी गेला.

ऊन नुकतंच खिडकीत आलं होतं. दादानं दार स्वतः ढकललं, चपला काढल्या आणि सरळ सोफ्यावर चढून चित्र उतरवलं. जवळ धरून पाहिलं. अंगणाचा खालचा कोपरा फिका पडला होता. इतकी वर्षं त्या कोपऱ्यावर बोट ठेवून मी लोकांना ओल्या मिरचीची वाळलेली मिरची कशी होते ते दाखवत आलो होतो.

ऊन येत नाही अशी भिंत आमच्याकडे एकच, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची. तिथलं कॅलेंडर काढलं. दादानं वितीनं मोजून भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. सुटून आल्यावर त्यानं भिंतीवर ओढलेली ती पहिली रेघ. मी स्टुलावर चढलो, बायकोनं स्टूल धरलं. पहिला खिळा वाकवला, ते माझ्या हातून व्हायचंच होतं. दुसरा सरळ बसला, तसा मला जोर चढला आणि मी तो आत घालू लागलो.

बायको खालून म्हणाली, "थांबा, इतका पक्का नका ठोकू. तो येईल ना न्यायले."